ऐतिहासिक कागदपत्रांतील शब्दार्थनिर्णय आणि मराठी संशोधनलेखनाची मांडणी

सारांश

जुन्या कागदपत्रांतील अपरिचित शब्दांचा अर्थ संदर्भावरून ठरविणे आणि संशोधनपर लेखनाची शिस्तबद्ध मांडणी करणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये मानली जातात व महाविद्यालयांत ती वेगवेगळी शिकविली जातात. मराठी इतिहाससंशोधनाच्या परंपरेत मात्र ती एकाच कामातून, म्हणजे अस्सल कागदांच्या संपादनातून, घडत गेली. कागदाची अंतर्गत रचना हाच शब्दार्थाचा पहिला संदर्भ असतो, आणि शब्दार्थ ठरविण्याचा क्रम हाच संशोधनलेखनाच्या मांडणीचा कणा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातील कोशांपर्यंत आणि काव्येतिहाससंग्रहापासून पेशवे दप्तराच्या प्रकाशनापर्यंतचा प्रवास तपासला आहे.

बीजसंज्ञा : मोडी कागदपत्रे, शब्दार्थनिर्णय, संदर्भ, संपादनपद्धती, राजवाडे, कोशवाङ्मय.

१. प्रस्तावना

जुना कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला दोन प्रकारचे शब्द अडतात. काही शब्द मुळीच ओळखीचे नसतात. काही ओळखीचे वाटतात, पण त्यांचा अर्थ दरम्यानच्या काळात बदललेला असतो. पहिल्या प्रकारचा शब्द आला की अभ्यासक थांबतो, कोश उघडतो, कोणाला तरी विचारतो. दुसऱ्या प्रकारचा शब्द त्याला थांबवीत नाही. तो आजच्या अर्थाने वाचला जातो आणि त्या चुकीच्या अर्थावर पुढील सर्व अनुमाने उभी राहतात. म्हणून अपरिचित शब्दापेक्षा परिचित भासणारा शब्दच संशोधनाला अधिक घातक ठरतो.

याची उदाहरणे मराठी कागदपत्रांत पदोपदी आढळतात. 'वरात' म्हटले की आज लग्नाची मिरवणूक डोळ्यांसमोर येते. सतराव्या-अठराव्या शतकांतील हिशेबी कागदांत 'वरात' म्हणजे एखाद्या महालाच्या वसुलावर किंवा खजिन्यावर दिलेला रक्कम मिळण्याचा हुकूम होय. 'गल्ला' म्हणजे आज दुकानदाराची पैशांची पेटी; जुन्या कागदांत तो बहुधा धान्याचा वाचक असतो. 'गाव खराब पडला' याचा अर्थ गाव वाईट झाला असा नसून तो ओसाड झाला, लागवडीतून गेला, असा आहे. सातबारा उताऱ्यातील 'पोटखराबा' या संज्ञेत तो अर्थ आजही टिकून आहे. 'देवाज्ञा झाली' म्हणजे मृत्यू झाला. 'राजकारण' हा शब्द पेशवाईच्या पत्रांत पुष्कळदा गुप्त बोलणी किंवा मसलत या अर्थाने येतो. आजचा व्यापक अर्थ त्यावर लादला, तर एका साध्या वाटाघाटीला नसलेला तात्त्विक आशय चिकटतो.

हे अर्थ पूर्वसूरींनी कसे ठरविले आणि त्यातून मराठी संशोधनलेखनाला कोणते वळण लागले, हा या लेखाचा विषय आहे.

२. मोडी लेखन आणि कागदाची रचना

मोडी लिपीत लिहिताना प्रथम शिरोरेषा आखून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, विरामचिन्हेही नव्हती. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लिपीत पाळला जात नसे. त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' हे शब्द मोडीत एकसारखेच दिसतात. त्यातही 'दीन' हा संस्कृत शब्द गरीब या अर्थी आणि अरबी शब्द धर्म या अर्थी येऊ शकतो. एकाच अक्षरजुळणीचे तीन संभाव्य अर्थ होतात व त्यांतील कोणता घ्यावा हे केवळ आजूबाजूच्या मजकुरावरूनच ठरते. मोडी वाचनात शब्द कोठे संपतो हे ठरविणेदेखील अर्थनिर्णयाचाच भाग असतो.

असे असूनही हे कागद वाचता येतात, याचे कारण त्यांची रचना ठरीव असते. आरंभी 'श्री', त्यानंतर पत्र घेणाऱ्याच्या पदाला साजेसा मायना, नमस्कार किंवा आशीर्वाद, येथील कुशल कळवून तिकडील कुशल विचारणे, मग 'विशेष' या शब्दाने मुख्य मजकुराचा प्रारंभ, आणि शेवटी 'हे विनंती' किंवा तत्सम समाप्ती. अधिकृत पत्रावर मोर्तब असे. पोहोचल्याची 'पैवस्ती' बहुधा वेगळ्या हाताने नोंदलेली असे. कोणाला कोणता मायना लिहावा याचे शिक्षण कारकुनांना दिले जाई. परंपरेने हेमाडपंताच्या नावावर सांगितला जाणारा 'मेस्तक' हा याच प्रकारच्या लेखनव्यवहाराचा निदर्शक आहे.

या ठरीवपणाचा उपयोग असा, की शब्द कागदाच्या कोणत्या भागात आला आहे हे कळताच त्याच्या संभाव्य अर्थांची संख्या कमी होते. मायन्यातील विशेषण हा उपचार असतो. त्यावरून दोन व्यक्तींमधील दर्जाचे नाते कळते, स्नेह कळेलच असे नाही. 'विशेष' नंतरचा मजकूर हा वृत्तान्त असतो. यादीतील शब्द वस्तुवाचक किंवा व्यक्तिवाचक असतो आणि त्याच्यासमोरील आकडा व परिमाण त्याचा प्रकार सांगतात. 'गल्ला' या शब्दापुढे खंडी आणि मण आले, तर तेथे धान्याखेरीज दुसरा अर्थ संभवत नाही. 'वरात' शब्दाशेजारी रक्कम, महालाचे नाव आणि घेणाऱ्याचे नाव आले, की मिरवणुकीची शंका उरत नाही.

कालनिर्देशातही हेच दिसते. मराठी कागदांत सुहूर सनाचे वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहीत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हा सन सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा बदलतो. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील तारखेसाठी ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. तेव्हा सुहूर सन ११६१ चालू होता. सर्वत्र ५९९ मिळविणारा अभ्यासक त्या जानेवारीतील पत्रे १७६० मध्ये नेऊन ठेवील, आणि संग्रामानंतरची पत्रे संग्रामाआधीची ठरतील. चार संख्याशब्दांच्या वाचनावर घटनाक्रम असा अवलंबून असतो.

३. कोशांची परंपरा : विषयवार रचनेपासून अवतरणांपर्यंत

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' राज्याभिषेकानंतरच्या काळातील आहे. राज्यकारभारात रूढ झालेल्या फारसी व दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याची रचना अकारविल्हे नाही. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत शब्दांची विभागणी केलेली आहे. अमरकोशाच्या परंपरेला हे धरूनच होते. तथापि आजच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तिला आणखी एक मोल आहे. शब्द कोणत्या वर्गात ठेवला आहे यावरून तो कोणत्या व्यवहारक्षेत्रात वापरला जात होता हे समजते. म्हणजे संस्कृत पर्याय बाजूला ठेवला, तरी वर्ग हाच त्या शब्दाचा संदर्भ होतो.

एकोणिसाव्या शतकात पंडितांनी रचलेला मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. या कोशांनी अकारविल्हे रचना रूढ केली. शब्द शोधणे सोपे झाले. परंतु शब्द त्याच्या व्यवहारक्षेत्रापासून सुटा झाला. मोल्सवर्थ यांच्या कोशातील अर्थविवरणे सूक्ष्म आहेत, पण ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील बोलत्या-चालत्या मराठीची आहेत. दीडशे वर्षे आधीच्या कागदाला त्यांतील अर्थ जसाच्या तसा लावणे सुरक्षित नसते.

ही उणीव पुढील कोशांनी दोन मार्गांनी भरून काढली. माधव त्रिंबक पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठीत आलेल्या फारसी शब्दांच्या मुळाकडे जाण्याची सोय झाली. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत काढलेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त अर्थासोबत प्राचीन व अर्वाचीन वाङ्मयातील अवतरणे दिली गेली. अवतरण म्हणजे शब्दाला परत मिळालेला संदर्भ. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जुन्या मराठीच्या कोशाने ही दिशा यादवकालापर्यंत मागे नेली. वर्गवार कोशापासून अवतरणयुक्त कोशापर्यंतचा हा प्रवास पाहता, शब्दाचा अर्थ त्याच्या प्रयोगापासून तोडता येत नाही, हे तत्त्व कोशकारांनी अनुभवाने स्वीकारलेले दिसते.

४. संपादन आणि लेखनाची मांडणी

मराठीत विचारप्रधान गद्याची घडण नियतकालिकांतून झाली. विरामचिन्हांचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुळू लागला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या 'निबंधमाले'ने (१८७४-८१) विषयाची फोड, पूर्वपक्ष, खंडन आणि समारोप असा निबंधाचा प्रशस्त घाट वाचकांच्या परिचयाचा केला. परंतु निबंधाचा हा घाट वादाचा होता, पुराव्याचा नव्हता. पुराव्याच्या मांडणीचा घाट संपादकांनी घडविला.

काशिनाथ नारायण साने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकातून बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. मूळ मजकूर वर आणि संपादकाचे म्हणणे टीपेत, हा भेद येथे पानावरच दिसू लागला. ही व्यवस्था छापखान्याच्या सोयीची वाटली, तरी तिचा वैचारिक परिणाम मोठा होता. साधन काय सांगते आणि संपादकाला काय वाटते, यांची सरमिसळ करता येणार नाही, अशी ती व्यवस्था होती.

मिरज येथे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. पटवर्धन घराण्याशी संबंधित पत्रे कालक्रमाने लावून, त्यांतून उलगडणारा वृत्तान्त आधी कथन करायचा व मग पत्रे द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. तिच्यामुळे वाचक एखाद्या पत्रातील तुटक उल्लेखही योग्य प्रसंगाशी जोडू शकतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. त्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी अस्सल पत्र, बखर आणि इंग्रज इतिहासकाराचे कथन यांची समोरासमोर तुलना केली. ग्रँट डफ यांच्या ग्रंथातील (१८२६) व बखरींतील विधाने समकालीन पत्रांच्या तारखांवर घासून पाहिली. विधान, त्याचा आधार, आधाराची पारख आणि मग निर्णय, हा क्रम मराठी संशोधनलेखनात येथे ठळकपणे आढळतो. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाल्यावर हा क्रम एका व्यक्तीचा न राहता संस्थेचा झाला. कागद सभेत वाचायचा, त्यावर शंका घ्यायच्या आणि मग तो छापायचा, ही रीत रूढ होत गेली.

गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. प्रत्येक पत्राला इंग्रजी सारांश जोडलेला असल्याने मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही हे साहित्य खुले झाले. पण सारांशाची सोय जितकी मोठी, तितकीच तिची जोखीमही. सारांश हा संपादकाने केलेला शब्दार्थनिर्णय असतो. मूळ पत्र न वाचता केवळ सारांश उद्धृत करणारा अभ्यासक संपादकाचा निर्णय साधन म्हणून वापरीत असतो. 'काव्येतिहाससंग्रहा'ने पानावर आखलेली सीमारेषा तेथे पुसली जाते.

५. प्रयोग की व्युत्पत्ती?

शब्दार्थ ठरविण्याचे दोन मार्ग या परंपरेत प्रथमपासून दिसतात. एक, शब्दाचे सर्व प्रयोग जमवून त्यांतून अर्थ काढणे. दुसरा, शब्दाच्या मुळाकडे जाऊन अर्थ काढणे. राजवाडे यांच्या लेखनात दोन्ही मार्ग आहेत. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी पोथी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. हे काम प्रयोगांच्या संकलनावर उभे आहे. रूप कोठे आले, कोणत्या विभक्तीत आले, याची नोंद आधी आणि नियम नंतर, असा त्याचा क्रम आहे. उलट त्यांच्या व्युत्पत्तिविषयक लेखनात अनेक ठिकाणी ध्वनिसाम्यावर भर पडला आणि त्यावरून समाजेतिहासाची मोठी अनुमाने निघाली. पुढील भाषाभ्यासकांनी त्यांतील बऱ्याच व्युत्पत्ती स्वीकारल्या नाहीत.

मराठीतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजण्याचा त्यांचा प्रयत्नही या दृष्टीने अभ्यासनीय आहे. १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांतील कागद घेऊन त्यांनी शब्द मोजले. फारसी शब्दांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ८५, ३८ आणि ६ यांच्या आसपास येते. शब्दमोजणीचा हा मार्ग त्या काळी नवा होता आणि त्याची दिशा मोलाची होती. तथापि प्रमाण कागदाच्या प्रकारानुसारही बदलते. महसुली हुकुमात फारसी संज्ञा दाट असतात, कौटुंबिक पत्रात विरळ असतात. मोजक्या कागदांवरून संपूर्ण भाषेचे चित्र काढताना कागदांचा प्रकार सारखा आहे काय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. या उदाहरणातून राजवाडे यांचे श्रेय कमी होत नाही. आकडे त्यांनी उघड मांडले, म्हणूनच पुढील अभ्यासकाला ते तपासता आले. आधार दाखवून काढलेला निष्कर्ष चुकला तरी तो दुरुस्त करता येतो. आधार न दाखविलेला निष्कर्ष बरोबर असला तरी पारखता येत नाही.

६. एका शब्दाची पारख : 'कुणबी' आणि 'कुणबीण'

शब्दार्थनिर्णयाचे महत्त्व एका शब्दाच्या आधारे अधिक स्पष्ट होईल. 'कुणबी' हा शब्द जुन्या कागदांत कोठे शेती करणारा या व्यवसायवाचक अर्थाने, तर कोठे जातिवाचक अर्थाने येतो. 'कुणबीण' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप असल्याने त्याचा अर्थ कुणबी समाजातील स्त्री असाच असावा, असे व्याकरण सुचविते. पेशवेकालीन कागदपत्रांत मात्र 'कुणबीण' हा शब्द मोठ्या प्रमाणावर दासी, विकत घेतलेली किंवा गुलाम म्हणून बाळगलेली स्त्री, या अर्थाने आला आहे. तिची जात कोणतीही असू शकते.

हा अर्थ व्याकरणातून किंवा व्युत्पत्तीतून निघत नाही. तो संदर्भातून निघतो. शब्दाशेजारी किंमत येते, खरेदीचा उल्लेख येतो, धन्याचे नाव येते, तिला दिल्या जाणाऱ्या धान्याची आणि लुगड्यांची नोंद येते, कोठीवर किंवा पागेत करावयाचे काम येते, कधी मोबदला घेऊन तिला मुक्त केल्याचा उल्लेख येतो. असे प्रयोग एकत्र ठेवले, की अर्थाविषयी शंका राहत नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीतील उताऱ्यांचे प्रकाशन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले, तेव्हापासून असे साहित्य अभ्यासकांपुढे आहे. जो अभ्यासक 'कुणबीण' म्हणजे शेतकरी स्त्री असे वाचील, त्याच्या शोधनिबंधातून पेशवाईतील स्त्रीदास्याचा पुरावाच नाहीसा होईल. त्या स्त्रियांची अन्य कोठे फारशी नोंद नाही. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने त्या इतिहासातून दुसऱ्यांदा हद्दपार होतील.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जुने महसुली व अन्य अभिलेख तपासताना मोडी वाचकांची निकड भासली. अशा कामात शब्द सापडणे पुरेसे नसते. तो जातीच्या रकान्यात आला आहे, व्यवसायाच्या उल्लेखात आला आहे की चालू मजकुरात आला आहे, हे पाहावे लागते. जमिनीच्या हक्कापासून सामाजिक प्रवर्गापर्यंत अनेक निर्णय जुन्या कागदातील एखाद्या शब्दावर टेकलेले असतात. म्हणून वाचकाची नेमकी शिस्त ही सार्वजनिक विश्वासाची बाब ठरते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन पातळीवर शोधनिबंधाची मांडणी शिकविताना प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, विवेचन व निष्कर्ष हा साचा दिला जातो. साचा आवश्यक आहे. परंतु त्याचा तर्क न सांगता तो दिला, तर विद्यार्थी निष्कर्ष आधी ठरवितो आणि साच्याचे रकाने नंतर भरतो. मग शब्दांचे अर्थही निष्कर्षाला सोयीचे निवडले जातात.

याउलट एकच मोडी पत्र, त्याच्या देवनागरी लिप्यंतरासह, वर्गात ठेवून आरंभ करता येतो. विद्यार्थ्याने प्रथम पत्राचे भाग पाडावेत. अडलेल्या आणि परिचित भासणाऱ्या अशा दोन्ही शब्दांची वेगळी यादी करावी. प्रत्येक शब्दाचा अर्थ कोश न पाहता आजूबाजूची क्रियापदे, आकडे, परिमाणे व व्यक्तिनामे यांवरून अंदाजाने लिहावा व अंदाजाचे कारण नोंदवावे. त्यानंतर किमान दोन कोश आणि त्याच काळातील दोन-तीन अन्य कागद पाहून अंदाज पडताळावा. शेवटी, पडताळणीनंतरही जे निश्चित झाले नाही ते 'अनिश्चित' म्हणून वेगळे लिहावे. या कृतीतून तयार होणारे टिपण म्हणजेच शोधनिबंधाचा आराखडा असतो. भाग पाडणे ही प्रस्तावना, शब्दयादी ही समस्या, अंदाज हे गृहीतक, पडताळणी हे विवेचन आणि उरलेला निर्णय हा निष्कर्ष होय. अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा भाषाविषयांच्या अध्यापकांनाही आपापल्या साधनांवर हीच कृती करून घेता येईल. जुना जमाखर्च, ग्रामपंचायतीचे इतिवृत्त किंवा वर्तमानपत्राचा शंभर वर्षांपूर्वीचा अंक यासाठी पुरेसा आहे.

८. निष्कर्ष

१) ऐतिहासिक कागदात परिचित भासणारा शब्द अपरिचित शब्दाइतकाच, किंबहुना अधिक, तपासणीयोग्य असतो.

२) कागदाची रचना हा शब्दार्थाचा पहिला संदर्भ असून शब्दाचे स्थान, शेजारचे आकडे व परिमाणे यांवरून संभाव्य अर्थ मर्यादित होतात.

३) मराठी कोशांचा विकास शब्दाला त्याच्या प्रयोगासह नोंदविण्याच्या दिशेने झाला आहे, अर्थनिर्णयात व्युत्पत्तीपेक्षा प्रयोगाला अग्रक्रम देणे त्या परंपरेशी सुसंगत आहे.

४) मराठी संशोधनलेखनाची पुराव्याधिष्ठित मांडणी कागदपत्रांच्या संपादनातून घडली. मूळ मजकूर आणि अभ्यासकाचे मत यांतील सीमारेषा हा तिचा गाभा आहे.

५) शब्दार्थनिर्णय व लेखनाची मांडणी यांचे अध्यापन एकत्र केल्यास शोधनिबंधाचा साचा विद्यार्थ्याला बाहेरून लादलेला न वाटता, एक कागद प्रामाणिकपणे वाचण्याचा क्रम म्हणून समजेल.